गणिताचा गेम बनवताना: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मुलांच्या बेरीज-वजाबाकीच्या सरावासाठी घरच्या घरी कॉम्प्युटर गेम कसा बनवता येईल यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच देते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत, फक्त गाव आणि कोण विचारतंय तेवढं ठेवलंय. खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे म्हणून आधीच सांगते. पत्रांमधले गेम वाचले तर चित्रं, म्युझिक, स्टार, लेव्हल यावर भरपूर मेहनत दिसते आणि मूल चुकलं की गेमने काय करायचं याला एकच ओळ, 'चूक, पुन्हा प्रयत्न करा'. माझं म्हणणं आहे की सगळ्यात जास्त डोकं त्या एका ओळीवर चालवा.

नमस्कार ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही. शाळेत दोन जुने कॉम्प्युटर आहेत, नेट असलं तर असतं. पाढ्यांचा गेम स्वतः बनवायची खूप इच्छा आहे, कुठून सुरुवात करू? (शिक्षक, संगमनेर तालुका)

सर, सुरुवात कॉम्प्युटर बंद ठेवून करा. पुठ्ठ्याची कार्डं कापा, एका बाजूला गुणाकार, मागे उत्तर, आणि दोन मुलांना समोर बसवून तुम्हीच गेम व्हा. कार्ड दाखवायचं, उत्तर ऐकायचं, चुकलं तर काय करायचं ते तिथल्या तिथे ठरवायचं. अर्ध्या तासात तुम्हाला कळेल की मुलं कुठे अडतात, कधी कंटाळतात, कुठल्या कार्डाला बोटं मोजायला लागतात. तेच नियम नंतर कॉम्प्युटरला सांगायचेत, बाकी काही नाही.

मग स्क्रॅच घ्या. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं, फुकट आहे, आणि कोड टाइप करायचा नसतो, रंगीत ब्लॉक एकात एक अडकवायचे असतात. पहिल्या गेमला 'पहिली' आणि 'दुसरी' असे दोन व्हेरिएबल, म्हणजे आकडे साठवायचे डबे, पुरतात (नावं मराठीत देता येतात). दोघांत २ ते ९ मधली कुठलीही संख्या टाकायची, स्क्रॅचच्या स्क्रीनवरच्या मांजराला प्रश्न विचारायला लावायचं, मुलाने दिलेलं उत्तर गुणाकाराशी जुळलं तर गुण वाढवायचा. दहा-बारा ब्लॉकचं काम आहे, एका दुपारी होतं. फक्त एक बघून घ्या, स्क्रॅच ३ चं ऑफलाइन ॲप विंडोज १० किंवा पुढचं मागतं. मशीनवर त्याहून जुनं विंडोज असेल तर साधी एचटीएमएल फाइल (वेब पेजची असते तशी) बनवणारं कुणीतरी शोधा, गावातलं कॉलेजात जाणारं एखादं पोरगं ते हौसेने करून देईल, आणि ती पेनड्राइव्हवरून टाकून ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते.

पण त्याच्याही आधी टक्समॅथ आणि जीकॉम्प्री हे दोन फुकट गेम मुलांना खेळायला द्या. टक्समॅथमध्ये आकाशातून धूमकेतू पडतात, प्रत्येकावर एक गणित असतं, उत्तर टाइप केलं की तो फुटतो. जीकॉम्प्री २००० सालापासून आहे, २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी, त्यात गणिताशिवायही पुष्कळ काही आहे. तुमच्या वर्गाला हे पुरत असेल तर नवीन बनवायची गरजच नाही, आणि पुरत नसेल तर नेमकं काय कमी पडतंय ते तुम्हाला कळलेलं असेल. तोच तुमचा गेम. दोन कॉम्प्युटर कमी आहेत असं मात्र समजू नका, त्याबद्दल शेवटच्या उत्तरात वाचा.

माझा गेम रँडम नंबर घेऊन प्रश्न तयार करतो. पण शेजारची मुलं म्हणतात की कधी फार सोपं येतं, कधी एकदम अवघड, आणि दोन दिवसांत कंटाळली. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नांदेड)

रँडममध्येच अडचण आहे. गणित करून बघ. २ ते ९ मधले दोन आकडे आंधळेपणाने उचलले तर ६४ जोड्या होतात, त्यातल्या ७ × ८ आणि ८ × ७ या दोनच आपल्या कामाच्या. म्हणजे मूल सलग २० प्रश्न खेळलं तरी ७ × ८ एकदाही न येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे. ज्या मुलाला नेमकं तेच येत नाही ते २ × ३ आणि ५ × ४ करत बसणार आणि तुझा गेम त्याला शाबास म्हणत राहणार.

आता दुसऱ्या बाजूने बघ. १० पर्यंतच्या पाढ्यांत १०० गुणाकार दिसतात. उलटसुलट एकच धरले की ५५ उरतात. १ चे आणि १० चे काढले की ३६. २ चे आणि ५ चे पण काढले, कारण ते मुलांना आधीच येतात, की उरतात फक्त २१. एवढ्या २१ गोष्टी पक्क्या झाल्या की १० पर्यंतचे पाढे झाले! हे मुलांना सांगितलं की त्यांचा चेहरा खुलतो, कारण त्यांना ते डोंगराएवढं वाटत असतं. स्क्रीनवर २१ चौकोन दाखव आणि पक्का झाला की त्यात रंग भर, मला तर ह्याहून चांगलं स्कोअरबोर्ड सुचत नाही.

पुढचा प्रश्न निवडायला लाइटनरचे डबे वापर. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन माणसाने १९७२ मध्ये कार्डं पाठ करायची ही पद्धत मांडली. पाच डबे, सगळी कार्डं पहिल्यात, उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात, आणि जितका पुढचा डबा तितका तो उशिरा उघडायचा. कोडमध्ये प्रत्येक गुणाकाराला एक नंबर चिकटवायचा, १ ते ५, झालं. त्यात माझी भर एवढीच की दहा प्रश्नांत सहा-सात मुलाला येणारे असावेत आणि तीन-चार कच्चे. सगळेच कच्चे आले तर मूल उठून जातं. आणि चुकलेला प्रश्न लगेच पुन्हा विचारू नकोस, मूल आत्ता पाहिलेलं उत्तर नुसतं परत टाइप करतं. तीन-चार प्रश्न जाऊ दे, मग विचार.

बेरीज-वजाबाकीला तर रँडम अजिबात चालत नाही कारण तिथे सगळा खेळ हातच्याचा आहे. बिनहातच्याची बेरीज हवी असेल तर आधी एककाचे अंक ठरव, पहिला ४ आला तर दुसरा ० ते ५ मधलाच. हातच्याची हवी असेल तर ६ ते ९ मधलाच. भागाकारात उत्तर आधी ठरवायचं, त्याला भाजकाने गुणायचं आणि तो गुणाकार प्रश्नात द्यायचा, बाकी हवी असेल तर भाजकापेक्षा लहान संख्या वर मिळवायची. शून्यवाली वजाबाकी, म्हणजे ४० − १७ किंवा ३०५ − १४८, ही वेगळी लेव्हल ठेव, तिथे हुशार मुलंही अडखळतात. एकूण पायऱ्या कशा लावायच्या हे सुचत नसेल तर प्रथम या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची असर पाहणी बघ, २००५ पासून गावोगाव मुलांना तेच विचारतात: १ ते ९ अंक ओळख, मग ११ ते ९९, मग दोन अंकी हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. साधी शिडी आहे, मधल्या पायऱ्या तू भर.

माझी मुलगी तिसरीत आहे. ५२ − २७ ला ती दर वेळी ३५ सांगते. मोबाइलवरचा गेम 'ओह नो' म्हणतो आणि पुन्हा तेच विचारतो, मग ती अंदाजाने काहीतरी दाबत राहते. मी स्वतः थोडंफार कोडिंग करतो, तिच्यासाठी वेगळं काही करता येईल का? (वडील, ठाणे)

नक्की करता येईल, आणि या अंकातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच आहे.

तुम्ही 'दर वेळी ३५' असं लिहिलंय, त्यातच सगळं आलं. ती गोंधळलेली नाहीये, तिच्याकडे एक पद्धत आहे आणि ती पद्धत ती अगदी इमानदारीने वापरतेय, फक्त ती चुकीची आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीच्या चुकांवर काम केलं आणि दाखवलं की बऱ्याचशा चुका अशाच, ठरलेल्या रीतीने होतात, प्रोग्रॅममधल्या बगसारख्या. त्यांनी त्यावर एक गेमच बनवला होता, बगी नावाचा, त्यात कॉम्प्युटर मुद्दाम एक ठरावीक चूक करत राहायचा आणि शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांनी ती चूक कुठली ते ओळखायचं.

आता ५२ − २७ = ३५ कसं येतं? एक रस्ता असा की एककाच्या घरात वर २, खाली ७, आता २ मधून ७ जात नाहीत म्हणून मूल सरळ ७ मधून २ काढतं, ५, आणि ५ मधून २ गेले ३. झाले ३५. दुसरा रस्ता असा की मूल दशक सोडवतं, १२ मधून ७ गेले ५, इथवर सगळं बरोबर, पण दशकाच्या घरातला ५ चा ४ करायला विसरतं, ५ मधून २ गेले ३. पुन्हा ३५! दोन पूर्ण वेगळ्या चुका आणि उत्तर एकच. पहिल्या चुकीत मुलाला हातचा म्हणजे काय हेच कळलेलं नाही, दुसरीत कळलंय पण लक्षात राहत नाही. दोघांना वेगळी मदत लागते आणि या गणितावरून तुम्हाला कळणारच नाही की तुमच्या मुलीचं काय होतंय.

म्हणून गेमने प्रश्नच असे निवडायचे की चुका वेगळ्या दिसतील. ५३ − २७ घ्या. बरोबर उत्तर २६. लहानातून मोठं जात नाही म्हणून उलटं करणाऱ्या मुलाचं येईल ३४. दशक कमी करायला विसरणाऱ्याचं येईल ३६. तीन वेगळी उत्तरं, तीन वेगळे अर्थ. ६१ − ३८ मध्ये तसंच, बरोबर २३, उलटं केलं तर ३७, विसरलं तर ३३. घोटाळा फक्त तेव्हाच होतो जेव्हा एककाच्या दोन अंकांत ५ चा फरक असतो (२ आणि ७, ३ आणि ८, असं), तेवढ्या जोड्या टाळा. कोडमध्ये हे काही अवघड नाही, प्रश्न तयार करतानाच बरोबर उत्तराबरोबर 'उलटं' आणि 'विसरलं' अशी आणखी दोन उत्तरं काढून ठेवायची आणि मुलाचं उत्तर तिघांशी ताडून बघायचं. एका चुकीवरून निष्कर्ष काढू नका, तीच चूक दोन-तीनदा दिसली तरच गेमने मदत सुरू करावी.

मदत म्हणजे लाल फुली नाही. उलटं करणाऱ्या मुलासाठी स्क्रीनवर ५ जुड्या आणि ३ सुट्या काड्या दाखवा आणि म्हणा, यातून ७ सुट्या काढ. मूल ३ काढेल आणि थांबेल, मग जुडीवर बोट ठेवलं की ती सुटून १० काड्या होतात आणि जुड्या ४ राहतात हे त्याला स्वतःच्या हाताने करू द्या. ती जुडी सुटताना बघणं फार महत्त्वाचं आहे, ॲनिमेशनवर वेळ घालवायचाच असेल तर इथे घालवा. विसरणाऱ्या मुलाला काड्या नकोत, त्याला फक्त दशकाच्या घरात ५ वर काट मारायला लावा, मारली नाही तर पुढे जाता येणार नाही असं करा, थोड्या दिवसांनी ती सक्ती काढून टाका.

बेरजेतही असंच असतं. ४७ + ३८ ला ७५ आलं तर हातचा विसरलाय, ७१५ आलं तर १५ अख्खे एककाखाली लिहिलेत. पाढ्यांत ७ × ८ ला ४८ किंवा ६३ सांगणारं मूल पाढा म्हणताना एक पायरी मागेपुढे झालंय, त्याला 'सात साते एकोणपन्नास' एवढं सुचवलं की तो तिथून स्वतः पुढे येतो. घरच्या एका मुलीसाठी गेम बनवताय म्हणजे तुम्हाला हे सगळं तिच्या वहीत बघून ठरवता येईल. मागच्या महिन्याची वही काढा, चुकलेली गणितं एका कागदावर उतरवा, आणि प्रत्येक चुकीचं उत्तर कसं आलं असेल ते शोधा. त्या कागदावरून गेम बनवा.

आम्ही डब्लिनला असतो. मुलाला मराठीतून आकडे यावेत म्हणून आवाज असलेला गेम करतेय. 'सत्तेचाळीस' ऐकून तो ७४ टाइप करतो. इंग्रजीत अजिबात चुकत नाही. काय करू? (आई, डब्लिन)

यात मुलाची चूक नाही, आपण एकक आधी म्हणतो आणि दशक नंतर, तो ऐकल्या क्रमाने टाइप करतो. जर्मन आणि डच मुलांनाही हेच होतं. त्यात आपल्याकडे 'एकोण' आहे. १९ पासून ८९ पर्यंत प्रत्येक नऊवाला आकडा पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतो, 'एकोणचाळीस'मध्ये चाळीस ऐकू येतं आणि मूल ४१ नाहीतर ४९ दाबतं, आणि ९९ ला पुन्हा तो नियम मोडून नव्व्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचायची रीत दिली तेव्हा केवढा वाद झाला आठवत असेल, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची ही अडचण लोकांना समजावून सांगायचा खूप प्रयत्न केला. मला स्वतःला त्र्याहत्तर, सत्त्याऐंशी हे शब्द मुलांनी गमवावेत असं वाटत नाही, पण पायरी म्हणून 'सत्तर तीन' वापरायला काहीच हरकत नाही, गेममध्ये तर ते फारच सोयीचं आहे.

असं करा, उत्तराला एकच चौकट न देता दोन द्या, दशकाची आणि एककाची, आणि कर्सर आधी एककावर ठेवा. मग 'सत्तेचाळीस'मधला सात आधी टाइप झाला तरी तो बरोबर जागी पडतो. उभ्या मांडणीच्या बेरजेतही आपण एककापासूनच सुरू करतो, म्हणजे सवय एकच राहते. आणि ७४ आलं तर ते 'चूक' म्हणून मोजू नका, 'आकडा ऐकताना अडखळला' म्हणून वेगळं मोजा, नाहीतर गेमला वाटेल की त्याची बेरीज कच्ची आहे.

आवाज तुमचाच रेकॉर्ड करा. इंग्रजीत वीस, तीस आणि एक ते नऊ जोडून काम भागतं, मराठीत १ ते १०० सगळे वेगळे म्हणावे लागतात. आजीला म्हणायला सांगता आलं तर अजून छान.

मुलं मराठी कीबोर्डवरून ४७ लिहितात आणि उत्तर बरोबर असूनही गेम चूक दाखवतो. दुसरं, रुपये-पैशांच्या बेरजेत मधूनच लांबलचक दशांश येतात. (डेव्हलपर, कोल्हापूर)

ब्राउझरमधले गेम ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे आकडे म्हणून कळतच नाहीत, त्याचं नंबरमध्ये रूपांतर करायला गेलात तर 'नॉट अ नंबर' मिळतं, स्क्रॅचमध्येही तोच प्रकार. पायथन या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेला मात्र कळतात. उपाय सोपा आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि पुढचे ओळीने आहेत, म्हणजे अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. दोन्ही लिपीतले आकडे स्वीकारा, आणि दाखवताना मुलाच्या पुस्तकात जे आहेत ते दाखवा.

दशांशाचं म्हणाल तर कॉम्प्युटर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ करतो, कारण तो फक्त ० आणि १ वापरून मोजतो आणि त्यात ०.१ नेमका लिहिता येत नाही. सगळे हिशेब पैशांत करा, साडेबारा रुपये म्हणजे १२५०, आणि फक्त दाखवताना शंभराने भागा.

मी नववीत आहे. मी कार रेसिंगचा गेम बनवलाय, दर १५ सेकंदांनी गाडी थांबते आणि गणित विचारते. लहान भाऊ आणि त्याचे मित्र म्हणतात गणित काढून टाक मग खेळतो. (चिपळूण)

नववीत रेसिंग गेम बनवलास याचं आधी मनापासून कौतुक. आता भावाचं म्हणणं ऐक, तो बरोबर सांगतोय. तुझ्या गेममध्ये गणित हे टोलनाक्यासारखं आहे, गाडी अडवतं. जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी २०११ मध्ये इंग्लंडमधल्या मुलांवरचा प्रयोग छापला. सांगाड्यांशी लढायचा गेम होता, प्रत्येक सांगाड्याच्या छातीवर एक संख्या, आणि तिला ज्या आकड्याने भाग जाईल त्या आकड्याचंच हत्यार निवडायचं. त्याच गेमच्या दुसऱ्या प्रकारात लढाई नुसतीच आणि गणित लेव्हलच्या मध्ये प्रश्नमंजुषा म्हणून. ज्यात गणित लढाईच्या आत होतं ती मुलं जास्त शिकली, आणि कुठला खेळायचा ते मुलांवर सोडलं तेव्हा त्यांनी त्या प्रकाराला साधारण सातपट वेळ दिला.

मग तुझी गाडी गणितावर कशी चालेल ते बघ. रस्त्याला तीन लेन, प्रत्येकीवर एक संख्या, गाडीवर लिहिलंय ५६, तर ५६ ला भाग जाणाऱ्या लेनमधून गेलं तरच पेट्रोल भरतं. किंवा गाडी सोड आणि एसटी घे. तू कंडक्टर, तिकीट ३७ रुपये, प्रवाशाने ५० दिले, खाली नाणी आणि नोटा, सुट्टे परत करायचे. ३७ ला ३ दिले ४०, १० दिले ५०, अशी वजाबाकी मुलं न सांगता मोजायला शिकतात, आणि सुट्टे संपले की पुढच्या प्रवाशाला कसे द्यायचे याची मजा वेगळीच. मला हा खेळायला फार आवडेल, बनवलास तर नक्की कळव.

स्क्रीनवर टायमर ठेवावा का? वर्गात चढाओढ लागते पण दोन-तीन मुली टायमर बघून काहीच दाबत नाहीत. (शिक्षिका, फोंडा)

काढून टाका बाई. भीती वाटली की डोक्यात आकडे धरून ठेवायची जागाच कमी होते, आणि हातच्याला नेमकी तीच लागते. वेळ मोजा पण गुपचूप. दोन-तीन सेकंदांत उत्तर आलं तर पाठ आहे, सात-आठ लागले तर मूल मोजतंय, एवढी माहिती प्रश्न निवडायला फार कामाची आहे, ती स्क्रीनवर असायची गरज नाही. ज्यांना चढाओढ हवी त्यांना स्वतःच्याच कालच्या वेळेशी लावा, तेही त्यांनी बटण दाबून मागितलं तर. पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्याची यादी तर अजिबात नको, तळाची मुलं गेम उघडणं बंद करतात आणि गेम बनवलाय त्यांच्यासाठीच.

आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी सगळं पाठ असायचं. नातवाच्या गेममध्ये घालता येईल का? (आजोबा, नाशिक)

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे हे पाढे अवश्य घाला आजोबा, नुसतं पाठांतर म्हणून नको, अपूर्णांक म्हणून घाला. शाळेत त्याला पाव आणि पाऊण भेटतात ते कागदावर, वर-खाली आकडे लिहून. तुमच्याकडे ते बोलण्यात आहेत. भाकरीचे चार भाग दाखवून 'तीन भाग उचल, किती?' आणि उत्तराची बटणं पाव, अर्धा, पाऊण, एक. मग पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, सव्वाशे म्हणजे १२५, अडीचशे ग्रॅम म्हणजे पाव किलो, सातची दीडपट साडेदहा. आवाज तुमचाच द्या.

गेम प्ले स्टोअरवर टाकायचाय. मुलाचं नाव, शाळा, इयत्ता विचारू का? जाहिराती टाकल्या तर थोडे पैसेही मिळतील. (डेव्हलपर, पुणे)

नाव, शाळा कशाला हवी? सरावाची नोंद त्याच फोनमध्ये ठेवा, मुलाला एखादं चित्र निवडू द्या, वाघ किंवा मोर, तेच त्याचं नाव. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हातच्याच्या मधोमध जाहिरात आली की ते मूल पुन्हा एककापासून सुरू करतं. पैसे हवेत तर पालकांकडून एकदाच थोडे घ्या.

गेम खेळून मुलं खरंच शिकली की नुसती खेळली, हे कळणार कसं? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

गेममधल्या स्कोअरवरून कळत नाही, मुलं गेमच्या युक्त्या शिकतात आणि स्कोअर वाढतो. याचं एक चांगलं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. वडोदऱ्याच्या महापालिकेच्या शाळांमध्ये २००२ ते २००४ या काळात प्रथमने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे गेम दिले, एका कॉम्प्युटरवर दोन मुलं. मुलाला जमेल तसा प्रश्न अवघड होत जायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ते तपासून २००७ मध्ये छापलं, बॅनर्जी आणि डुफ्लो म्हणजे ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते. गेम असलेल्या शाळांची मुलं गणितात स्पष्ट पुढे गेली, पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिलं तेव्हा फायदा बराच ओसरला होता, थोडाच उरला होता. संगमनेरच्या सरांना मी म्हणूनच म्हटलं की दोन कॉम्प्युटर कमी नाहीत, एकावर दोन मुलं बसली की ती एकमेकांना समजावतात आणि ते ऐकायला शिक्षकाने जवळ उभं राहावं.

त्यांची मोजणी गेमच्या बाहेर, कागदावर झाली होती, तुम्हीही तेच करा. गेम द्यायच्या आधी दहा गणितं कागदावर द्या, वजाबाकीची द्यायची तर वर सांगितल्याप्रमाणे चुका वेगळ्या दिसतील अशी. महिनाभर सराव झाला की त्याच धर्तीची दुसरी दहा. आणि तिसऱ्यांदा द्या ती दिवाळीची सुट्टी संपल्यावर, पहिल्याच आठवड्यात, मधे गेम न देता. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून गुण मोजायच्या आधी चुका बघा. उलटं करणारी मुलं आता विसरणारी झाली असतील तर गुण तेवढेच दिसतील, पण मूल एक पायरी वर आलेलं असेल आणि गेममध्ये आता त्याला काड्या दाखवायची गरज नाही.